सुया कुणाच्या हातच्या

शिमग्याला घरी यायला मला रजा मिळाली ती त्या सुयांच्या जोरावर. आणि त्या सुया खऱ्या की खोट्या, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो घरी पोचल्यावर चौथ्या दिवशी.

गोष्ट सन साठच्या पुढची. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. सातवीत नापास झालो, पुन्हा शाळेचं तोंड बघितलं नाही. आमच्याकडची माणसं जातात तसा मुंबईला गेलो, पितळी भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवाला झालो. चार वर्षांत हात असा बसला की तांब्यात बघून दाढी करावी. तिथे एकदा एक साहेब कसलासा पितळी भाग घेऊन आले. दक्षिणेकडचे, हिंदी मोडकी. मी दिलेला भाग त्यांनी उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "हमारे लॅब में आएगा?" तिथे मॅट्रिक झालेली पोरं रांगेत उभी होती हे मला नंतर कळलं. ती सोडून त्यांनी सातवी नापास माणूस दोन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासावर नेला. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही. तेव्हा तर मी त्यांच्या ओझ्याखाली वाकूनच चालत असे. आज ना उद्या साहेबांना कळेल की आपण चुकीचा माणूस आणला, ही धास्ती रोज सकाळी चपला घालताना माझ्या पायात यायची.

त्या प्रयोगशाळेत टायटॅनियमवर काम चाले. नाव उच्चारायला मला आठवडा लागला. पोलादाहून कितीतरी हलका धातू, पण हट्टाला पोलादाचा बाप. त्यात थोडे दुसरे धातू मिसळून कांड्या ओतायच्या, त्या यंत्रात दोन्हीकडून धरून ताणायच्या आणि ताणल्यावर आत काय झालं ते बघायचं. बघायचं साहेबांनी. त्याआधी कांडीचा नखाएवढा तुकडा कापून, बटणासारख्या काळ्या वडीत बसवून, पाणी लावून घासायच्या कागदावर आणि मग फिरत्या चाकावरच्या कापडावर पांढऱ्या भुकटीने आरशासारखा करायचा, तो मी. शेवटी त्यावर काचही खाणारं ॲसिड क्षणभर फिरवायचं. ते मात्र सुरुवातीला साहेब मला करू देत नसत.

पहिल्यांदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला दिला तेव्हा मी दचकलोच. आत आमची भाताची खाचरं होती! आंबेनळी घाटाच्या वळणावरून खाली सावित्रीच्या खोऱ्यात बघावं तशी. वेडीवाकडी, एकाला एक लागून, मधे बांध. साहेबांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यानंतर तेही खाचरच म्हणू लागले, त्यांच्या उच्चारात.

मग ताणलेला तुकडा दाखवला. काही खाचरांत सरळ रेघा उमटल्या होत्या, बारीक, टोकदार, सुयांसारख्या. एका खाचरात सगळ्या एकाच दिशेने, बांधापाशी आल्या की थांबलेल्या. शेजारच्या खाचरात दिशा वेगळी. साहेबांनी बोटं जुळवून समजावलं, की धातूचे कण आत ओळीने बसलेले असतात. ताण पडला की ओळीवरून ओळ सरकते. जिथे सरकायला वाट नसते तिथे एक पट्टाच्या पट्टा एकदम कलतो. मला पंगत आठवली. दाटीत एकाने मांडी बदलली की सगळी रांग त्या बाजूला कलते. त्या कललेल्या पट्ट्याची सुई दिसते.

"सुई दिखा, मतलब मेटल मान गया," साहेब म्हणत. धातूने ऐकलं. आपसूक कलून ताण पोटात घेतला. सुया नसतील तर धातू अडून बसतो आणि वाकवता वाकवता एकदम तडकतो. एका मिश्रणाबद्दल साहेबांचं म्हणणं होतं की ते थोड्याशा ताणालाही ऐकतं, म्हणून त्याचा पत्रा न तापवता, थंडच वाकवून वापरता येईल. वापरायचा कशात, ते मला एवढंच माहीत होतं की हवेत उडणाऱ्या यंत्रात. बाकीच्यांना साहेबांचं म्हणणं पटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत जोरजोराने बोलणं चाले आणि साहेबांचे कान लाल होत.

शिमग्याच्या आधी त्या मिश्रणाचे शेवटचे पाच तुकडे माझ्याकडे आले. टायटॅनियमला चकाकी लवकर येत नाही. कापडावर ते माखल्यासारखं होतं, मळकट राहतं. मोठे अधिकारी बघायला येणार होते. साहेब नेहमी "हलका हाथ" म्हणत. पण मला वाटलं, माझ्यासाठी एवढं केलेल्या माणसाचे तुकडे मळकट कसे द्यायचे? मी चाकावर वाकलो, उजवा अंगठा बटणाच्या कडेवर रोवला आणि पितळेला लावतो तसा जोर लावला. पाचही तुकडे लखलखले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून सूक्ष्मदर्शक दाखवला. सुयाच सुया! खाचरंच्या खाचरं भरलेली. वाद घालणारे गप्प. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि आधी नाकारलेली रजा तिथल्या तिथे दिली. म्हणाले, तू येईपर्यंत अहवाल गेलेला असेल.

तर असा मी मान ताठ करून वाडीवर आलो. वहिनीने दारातच विचारलं, "भावोजी, साहेबाची भांडी घासायला दोन दिस गाडीत बसायला लागतंय व्हय? हितं माझी पडलीत की ढीगभर."

"ती भांडी नाहीत गो वहिनी. धातूचे तुकडे. नखाएवढे."

"नखाएवढं घासायचा पगार देतात? मग मलाबी न्या."

आमच्याकडे शिमग्याला देवीची रूपं पालखीत बसवतात. रूपं म्हणजे चांदीचे मुखवटे. वर्षभर पेटीत असतात, काळवंडतात. ती उजळायचं काम गुरवबाबांचं. त्या वर्षी त्यांचा हात थरथरत होता, म्हणून भावकीने ठरवलं की घरचा पॉलिशवाला आलाच आहे तर त्याला बसवा. मला केवढा अभिमान! आंघोळ करून, सोवळ्याचं नेसून मी देवळात बसलो. पुढ्यात चिंचेचा कोळ, चाळलेली राख, जुन्या धोतराचं फडकं. मी मुखवटा मांडीवर घेतला आणि अंगठा रोवून सुरू केलं.

गुरवबाबांनी माझं मनगटच धरलं. "अरं अरं अरं! म्हस धुतोयस का?"

"उजळायला नको का बाबा?"

"चिंच उजळंल. तू नुसता हात फिरव. जोर केलास की चांदी झिजतीय. आनि रेघा पडतात त्या येगळ्याच."

देवीच्या डाव्या गालावर तीन लांब ओरखडे आहेत. लहानपणापासून आम्हाला सांगितलेलं, वाघाशी झुंजताना देवीला वाघाचा पंजा लागला, त्याच्या त्या खुणा. सगळ्या बाया तिथेच हळद लावतात. मी सहज म्हटलं, "या वाघाच्या रेघांना तर जपायलाच हवं."

बाबांनी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग ते माझ्याकडे झुकले. "वाघ कुठला रे? माझ्या बापसाचा हात तो. पालखीची घाई व्हती, चिंच मिळंना, म्हनून नदीची वाळू घेऊन घासलंन. मी तवा पोरगा, समोरच बसलो व्हतो. दुसऱ्या दिवशी कोन तरी म्हनाला, बगा, वाघाचा पंजा. झालं."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कशाला? देवीचं त्यात काय गेलं? नि वाघ तरी कुठं रागावतोय?" ते हसले, दात नसलेलं तोंड उघडून.

मला हसू आलं नाही. हातातलं फडकं तसंच राहिलं. मला एकदम तो सूक्ष्मदर्शक दिसला. पाच तुकडे दाखवताना साहेब म्हणाले होते की सुया एका कडेला जास्त दाट आहेत, तिथे ताण जास्त पडला असेल. पाचही तुकड्यांत? एकाच कडेला? ती कड कुठली होती? बटणावर मी खूण करतो, खूण नेहमी माझ्या छातीकडे. दाटी होती ती खुणेच्या उजव्या हाताला. माझा अंगठा!

ताणाने धातू कलतो, तर अंगठ्याच्या दाबाने का कलू नये? मी सातवी नापास. पण एवढं मला कळत होतं, की वरवरचा तो थर मी दाबून दाबून कलवलेला असू शकतो. आणि साहेबांनी तो कांडीचा कल म्हणून वाचला.

त्या क्षणापासून माझं बूड एका जागी टेकेना. जेवायला बसलो की उठावंसं वाटे. ओट्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यात. गुरांना वैरण घातलेली असताना पुन्हा घातली. साहेबांचा अहवाल सोमवारी जाणार, आणि आज गुरुवार. कदाचित सुया खऱ्याही असतील. मग मी उगीच साहेबांना सगळ्यांसमोर खाली पाडणार. आणि खोट्या असतील तर? शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो तर समोर खाचरंच. कापणी झालेली, कोरडी, एकाला एक लागून. तिथूनही परत फिरलो.

शेवटी दादाला सांगितलं. दादा कोयत्याला धार लावत होता. ऐकून घेतलं, कोयता पालथा केला, दुसरी बाजू घासायला लागला.

"तुला कोनी इचारलं का?"

"नाय."

"मग? नोकरी हाय ती सांभाळ. तुझ्या साहेबाला शंबर पोरं मिळतील. तुला दुसरा साहेब मिळंल का?"

हे अगदी खरं होतं. मीही मनातून हेच म्हणत होतो. पण वहिनी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "ते हवेत उडतंय म्हनलात ना भावोजी? त्यात मानूस बसतंय का नुसतंच उडतंय?"

"बसतंय."

"मग त्याची बायकोबी असंल."

एवढंच. पुन्हा तांदूळ निवडायला लागली. दादाच्या कोयत्याचा आवाज तेवढा येत राहिला.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी महाडला गेलो. तार करायची तर महाडलाच. गाडीत माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी होती आणि ती कोंबडी माझ्यापेक्षा शांत बसली होती. तार ऑफिसात चष्मेवाले गृहस्थ होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग आजारी?"

"नाही. साहेबांना कळवायचंय की सुयांवर भरवसा ठेवू नका."

आता त्यांनी मान वर केली. "सुया? शिवणाच्या?"

"धातूतल्या."

"धातूच्याच असतात की सुया. लाकडाच्या कुठे पाहिल्यास?"

मागे उभे असलेले दोघे हसले. माझे कान तापले. मग मी त्यांना सगळं सांगितलं. खाचरं, ताण, अंगठा. वाघाचा पंजा मात्र वगळला. ते गृहस्थ नीट ऐकत होते. मधेच टाक कानाला लावून विचार करत होते. त्यांनी इंग्रजीत मजकूर लिहिला आणि मला मराठीत वाचून दाखवला: शेवटच्या पाच तुकड्यांतल्या सुया माझ्या हाताच्या दाबाच्या असू शकतात. चूक माझी. अहवाल थांबवा.

"'चूक माझी' काढतो," ते म्हणाले. "त्यावाचून अर्थ पोचतो."

"नको. राहू दे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "इथून माणसं मेल्याच्या तारा जातात, जन्माच्या जातात. चुकीची तार करणारा तू पहिला." आणि जरा थांबून म्हणाले, "जाईल संध्याकाळपर्यंत. घरी जा. इथे उभा राहून ती लवकर जाणार नाही."

पण मी तिथे तासभर उभाच होतो. ठकठक ऐकत. त्यातली माझी कुठली, तेही कळत नव्हतं.

घरी शिमगा रंगला होता. पालखी दारोदार येत होती, नाचत होती. मी उजळलेला मुखवटा उन्हात असा झळकत होता की लोक माझ्याकडे बघून हात करत. मी मात्र एसटीचा आवाज आला की पायवाटेकडे बघत होतो. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी मला वाटलं, संपलं. तार पोचली नाही, नाहीतर पोचून साहेबांनी ती फाडली. दोन्हींपैकी काय बरं, तेही मला ठरवता येईना.

सोमवारीच दुपारी टपालवाला घामाघूम होऊन चढण चढून आला. हातात तारेचा कागद. मग काय विचारता! वाडीत तार म्हणजे एकच अर्थ. आईने तिथेच बसकण मारली आणि हंबरडा फोडला. शेजारच्या काकूने तर गेलेल्याचं नाव माहीत नसताना गुण सांगायला सुरुवात केली. पालखी अर्ध्या अंगणात थांबली. शाळेच्या गुरुजींना बोलावलं. त्यांनी कागद हातात घेतला, ओठ हलवले, आणि मोठ्याने सांगितलं, "अहवाल थांबवला आहे. ताबडतोब निघा. तुकडे तुम्हीच पुन्हा घासा."

"मंजे कोन मेलं?" काकूने विचारलं.

"कोनी नाय गो," वहिनी म्हणाली. "भावोजींना भांडी घासायला बोलवलंय."

सगळी वाडी हसली. आईने डोळे पुसत मला एक चापट दिली. मला काही उमगत नव्हतं. घासा म्हणजे घासा आणि मग जा, असंही असू शकत होतं. दोन दिवसांच्या गाडीत मी त्या तीन वाक्यांचे शंभर अर्थ लावले, आणि प्रत्येकाच्या शेवटी मी पुन्हा मुंबईत पितळ घासत होतो.

साहेबांनी मला बघितलं. पाच बटणं टेबलावर मांडली. "हलका हाथ," एवढंच.

मी तीन दिवस घेतले. चाकाचा वेग कमी केला. अंगठा उचलून धरला, नुसत्या दोन बोटांनी बटण कापडावर टेकवलं. थोडं घासायचं, ॲसिडने वरचा थर उतरवायचा, पुन्हा थोडं घासायचं. चिंच उजळेल, तू नुसता हात फिरव. ॲसिडचं काम त्या वेळी साहेबांनी पहिल्यांदा माझ्या हातात दिलं. मी कापसाची काडी फिरवत होतो आणि ते शेजारी उभे होते.

मग त्यांनी डोळा लावला. किती वेळ लावला, मला आठवत नाही. ते बाजूला झाले, मला खूण केली. सुयांची ती दाटी गेली होती. कडेची झुंबड तर साफ. खाचरामागून खाचर रिकामं. पण मी तुकडा हळूहळू सरकवत गेलो तर एका खाचरात दोन, पुढे एकात तीन, बांधापाशी थांबलेल्या, सरळ.

"ये असली है," साहेब म्हणाले.

म्हणजे ते अगदी चुकीचे नव्हते, पण बरोबरही फारसे नव्हते. धातू ऐकत होता, पण थोडं. अहवाल नव्याने लिहिला गेला. पत्रा थंड वाकवू नये, तापवूनच वाकवावा, असं त्यात आलं. जेवणाच्या सुट्टीत पुन्हा बोलणं झालं, साहेबांचे कान पुन्हा लाल झाले आणि मी डबा तसाच मिटून बाहेर गेलो. माझ्यामुळे झालं होतं ते. साहेब मला कधीच त्यावरून बोलले नाहीत. तेच मला जास्त जड गेलं.

नोकरी राहिली. पण माझी तगमग काही थांबली नाही, कारण आता दुसरा किडा शिरला होता: आधीच्या वर्षभराच्या तुकड्यांचं काय? चार दिवस धीर गोळा केला आणि साहेबांना विचारलं. त्यांनी कपाट उघडलं. खण भरून बटणं, प्रत्येकाला माझी खूण. "घिसो," ते म्हणाले. तिथला पावसाळा सरेपर्यंत मी एकेक बटण काढून, हलक्या हाताने पुन्हा उजळत बसलो. शेजारी साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून काढलेली जुनी चित्रं ठेवून जुळवत गेलो. काहींत फरक पडला, थोडा. त्या प्रत्येकाची मी जाऊन वर्दी देत असे, आणि ते प्रत्येक वेळी मान हलवून लिहून घेत.

सगळ्यात शेवटी खणाच्या तळाशी माझं पहिलं बटण निघालं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यातलं. ते तेव्हा घासताना भीतीने अंगठा रोवायची हिंमतच झाली नव्हती. तेही पुन्हा उजळून चित्र आणि तुकडा शेजारी ठेवले. सुईला सुई जुळली. मी साहेबांना हाक मारली, आणि ते उठून आले.